पहारेकऱ्याची कॉफी

औलूमध्ये नोव्हेंबर म्हणजे
दुपारी तीनला दुकानांतून दिवे
आणि गोठावं की वाहावं हे न ठरलेली नदी.
विर्पी केम्पाइनेन सायकलच्या टोपलीत
बर्फाचा डबा घट्ट बांधते.
आत वाटाण्याएवढा तुकडा, तासाभरापूर्वी
तो एका माणसाच्या मेंदूत होता.
ऑपरेशन थिएटर ते प्रयोगशाळा नऊ मिनिटं,
भुसभुशीत बर्फात अकरा.

डब्यावर नाव नाही. एकतीस.
पण संमतीपत्रावर सही करताना
त्यानं तिला आपणहून सांगितलं होतं :
सगळ्यात आधी चमच्याचं नाव गेलं.
सूपसमोर बसून बायकोला म्हणाला,
ते दे ना, ते छोटं वल्हं.
बायको हसली.
आठवडाभर दोघंही हसत होती.

मग कात्री, मग एन्झाइम, मग चाळणी.
पेशी एकामागे एक लेसरसमोरून जातात,
पडद्यावर ठिपके होऊन बसतात.
गाठीच्या पेशी जेमतेम अर्ध्या.
बाकीच्या आपल्याच –
मेंदूच्या राखणदार, माणूस जन्मण्याआधीपासून तिथे मुक्कामाला,
आणि रक्तातून मदतीला धावून आलेल्या.
सगळ्या मिळून गाठीला भरवताहेत.
टी-पेशी थोड्या, त्याही दमलेल्या :
एकच हाक फार दिवस ऐकली की
हात उचलत नाही.

राखणदारांच्या रकान्याला वहीत तिनं नाव दिलंय : फितूर.
आपण म्हणतो, कुंपणानंच शेत खाल्लं.
तिच्याकडे कुंपणं कमी,
जंगल फार.

रविवारी ती कुह्मोला जाते, वडिलांकडे.
तौनो, शहाऐंशी. तीस वर्षं सरहद्दीवर पहारा.
बटाटे सोलत तो ऐकतो.
ती सांगते, पहारेकरीच उलटलेत, बाबा.
तो साल तुटू देत नाही.
बऱ्याच वेळानं :

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत पलीकडून एक जण आला.
उणे चौतीस.
हातमोजा एकच.
नियम मला पाठ होता. रेडिओ गळ्यातच होता.
आधी मी त्याला कॉफी दिली.

कधी बोलला नाहीस.

कुणी विचारलं नाही.

म्हणजे तू –

नाही, तो म्हणतो. तो गारठला होता.

आणि मग?
बटाटा संपतो. तो दुसरा घेतो.

परतीच्या बसमध्ये अडीच तास काचेवर नुसती झाडं.
कुठेतरी पुओलांकाच्या अलीकडे ती ताठ बसते.
गाठ कुठे म्हणते, मी शत्रू?
ती म्हणते, मी जखम आहे, मला बांध.
आणि राखणदार आयुष्यभर जे शिकला तेच करतो,
नवी रक्तवाहिनी ओढून आणतो,
भांडण मिटवतो, भोवतालच्यांना गप्प बसवतो,
भरून येईल म्हणत
कधीच न भरणाऱ्या जागेशी बसून राहतो.

सोमवारी ती 'फितूर' खोडते.
त्या जागी काय लिहायचं ते सुचत नाही.
रकाना बिननावाचा. आकडे मात्र तेच.

अनुदानाच्या अर्जात दीडशे शब्दांत मांडायचंय,
दयाळू पेशीला निर्दय कसं करणार.
सगळीकडे नाही.
बोट कापलं तर तिनं धावत यायला हवं.
फक्त या एका हाकेला बहिरी, एवढंच,
आणि एवढ्यालाच सात वर्षं गेलीत,
चारशे उंदीर,
आणि एक लग्न, तेही जवळजवळ.
ती दोनशे बारा शब्द लिहिते.
कापत कापत दीडशेवर आणते.
गारठलेला माणूस त्यात मावत नाही.

एकतीस अजून आहे.
मार्चपर्यंत, सर्जन म्हणतो.
सर्जन आशावादी आहे.

रात्री प्रयोगशाळेच्या छोट्या स्वयंपाकघरात
कॉफीत साखर ढवळता ढवळता
तिचा हात थांबतो.
ती हातातल्या वस्तूकडे बघते
आणि मोठ्यानं म्हणते : लुसिक्का.
फ्रीज गुरगुरतो.
ती पुन्हा म्हणते, सावकाश,
लुसिक्का.