बिल्ल्याची जागा

खेचराच्या पाठीवर उशीच्या दोन अभ्र्यांत पुस्तकं,
लगाम धरून मी ओढ्यात. पाणी गुडघाभर, फेब्रुवारीचं.
केंटकीच्या या खोऱ्यात खाणीला कुलूप लागून
तिसरं वर्ष.

एका पुस्तकावर सोनेरी बिल्ला होता.
दूर शहरातल्या कुणीकुणी बसून ठरवलेलं :
यंदा मुलांसाठी याहून चांगलं काही लिहिलं गेलं नाही.
गोष्ट गलबतावरच्या पोराची.
इथं समुद्र कुणी पाहिलेला नाही,
तरी डेल्मर स्टॅम्परनं ते तीनदा मागून नेलं.

चौथ्यांदा परत आलं ते बिल्ल्याशिवाय.
कापडावर एक वाटोळी, गडद निळी जागा,
बाकी सगळं मुखपृष्ठ विटलेलं.

मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं,
अंगठ्यानं माती उकरत :
दुकानदारानं चावून पाहिला म्हणे. कागद निघाला.
खूप हसला.
मग उधारीच्या वहीत, बापाच्या नावापुढे,
थुंकी लावून चिकटवला
आणि मापभर मक्याचं पीठ दिलं.

"बाई, लिहिणाऱ्याला मिळाला तेव्हा
त्यानं काय घेतलं असेल?"

मला कुठे माहीत.
वहीत 'नुकसान' असा रकाना आहे,
पेन्सिल जिभेला लावली, आणि तो कोराच ठेवला.

वरच्या घरात लूडीनं पुस्तक हातात घेतलं,
त्या निळ्या जागेवरून बोट फिरवलं.
"इथं काय होतं?"

"पीठ," मी म्हणाले.