अकराशे मीटर

ताशी एकशेचाळीसने धावणारी गाडी
करकचून ब्रेक लावल्यावर अकराशे मीटर जाऊन थांबते.
नवव्या वर्षी मला हे पाठ होतं,
पाढे असतात तसं.
बाबांनीच शिकवलं, जेवणाच्या टेबलावर काडेपेटी सरकवत:
हे बघ, इथे दिसलं,
आणि इथे, पार मुरंब्याच्या बरणीपलीकडे, थांबली.
तेव्हा ते रुळांवर आलेल्या एका एल्कबद्दल बोलत होते.

फेब्रुवारीत, कोउवोलाच्या अलीकडे,
तो एल्क नव्हता.
आईने मला एवढंच सांगितलं.

डब्यांत लोक कॉफी पीत बसले होते.
कंडक्टर आयला माइकवर म्हणाली, थोडा वेळ लागेल.
पुढचं वाक्य तिला छापून दिलेलं होतं,
ते तिने वाचलं नाही.
एकाने विचारलं, माझी पुढची गाडी चुकली तर भरपाई कोण देणार?
तिने त्याला अर्ज दिला. पेनही दिलं.
मग संडासाचं दार लावून नुसता नळ सोडून ठेवला.
हे तिने आम्हाला सांगितलं कितीतरी वर्षांनी,
स्वतःच्या निवृत्तीचा केक कापता कापता.

बेकरीवाला तौनो अग्निशमन दलात स्वयंसेवक होता,
भोंगा झाला की पिठाच्या हातांनी धावणारा.
दुसऱ्या दिवशी पाव घ्यायला गेले
तर त्याने पैसे मोजलेच नाहीत,
पिशवीत वेलदोड्याचे दोन बन जास्तीचे टाकले.
'बाबांना सांग,' म्हणाला,
आणि काय ते बोललाच नाही.
मी घरी येऊन निरोप दिला: तौनोने सांगितलंय.
बाबांनी मान हलवली.

पाच आठवडे बाबा घरी.
तीन हिवाळे पुरतील इतकी लाकडं फोडली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची चूक नाही.
कंपनीच्या पत्रात, तुमची चूक नाही.
आजोबा फोनवर, अरे ओईवा, तुझी चूक थोडीच.
इतक्यांदा ऐकलं
की मी आईला विचारलं, मग चूक कोणाची?
आईने घासलेली कढई पुन्हा घासायला घेतली.

रात्री भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा:
थांबली, ओईवा. थांबली गाडी.
सोड हात.

ऑगस्टच्या शेवटी एक बाई आली,
दोन बस बदलून, छोट्या बादलीत ब्लूबेरी घेऊन.
कोट काढला नाही.
मी जिन्यावर, गुडघ्यांत हनुवटी.
आई कॉफी ओतून उगाच बाहेर गेली.
बाई म्हणाली, एकच विचारायचंय.
त्याने वर पाहिलं का?

नाही, बाबा म्हणाले.
झाडांकडे बघत होता. बर्चची झाडं आहेत ना तिथे.

बराच वेळ कोणी बोललं नाही.
'बर्च त्याला आवडायचे,' ती म्हणाली.

मग बाबांनी विचारलं, नाव काय त्याचं?
कारण पेपरात नाव येत नाही,
अहवालात किलोमीटरचा आकडा असतो,
आणि सहा महिने आमच्या घरात
एक मुलगा बिननावाचा राहत होता,
जेवायच्या वेळीसुद्धा.

'इल्मो,' ती म्हणाली.
बाबांनी ते नाव एकदाच उच्चारलं, हळू,
चव बघावी तसं.

पुढे मी त्याच मार्गाने कॉलेजला जायला लागले.
खिडकीशी बसून किलोमीटरचे दगड मोजत गेले.
तिथे बर्च नाहीत.
दोन्ही बाजूंना राईची शेतं,
मैलभर दिसेल असं उघडं सपाट रान.
बाबांना मी काही बोलले नाही.
ब्रेक लावलेल्या माणसाला मधेच टोकू नये.

गेल्या वर्षी, बाबा गेल्यावर, पत्रांत तिचा पत्ता सापडला.
त्या शेतांच्या काठचंच घर,
स्वयंपाकघराच्या खिडकीतून रूळ दिसणारं.

म्हणजे तिलाही ठाऊक होतं.
बर्च त्याला आवडायचे, ती म्हणाली होती,
आणि निवलेली कॉफी
तळापर्यंत प्यायली होती.