आदरार्थी

रविवार कारंज्यापाशी, जिना चढून डावीकडे
आमचा छापखाना. ट्रेडल भंगारात गेलं,
आता एक संगणक आहे, आणि मुद्रितं तपासणारी मी,
एकोणीस वर्षं.
कादंबऱ्या मी वाचत नाही.
वेलांट्या वाचते.

बोरस्ते सरांचं बाड आलं दिवाळीआधी,
चारशे बारा पानं, चिवड्याच्या पिशवीत.
त्यात एक गोपाळराव शिंगणे,
पतसंस्थेचे खजिनदार, सराफ बाजारामागे राहणारे.
पान बारावर, एका बाईनं चुकून जास्तीचे भरलेले
चाळीस रुपये परत द्यायला
ते सायकल मारत पंचवटीत जातात,
पूल ओलांडून, भर उन्हात,
आणि दारातूनच परततात, पाणीसुद्धा न घेता.
"हिशेब आहे, उपकार कसला," गोपाळराव म्हणाले.

म्हणाले. उठले. हसले.
दीडशे पानं हे असंच.

मग पान एकशे एकोणनव्वद.
त्याच बाईची ठेव. मुदत उलटून गेलेली.
"पुढच्या महिन्यात बघू," गोपाळराव म्हणाला.

मी काना खोडून मात्रा दिली.
पुढच्या ओळीत उठला. काना खोडला, मात्रा.
हसला. काना, मात्रा.
पान संपता संपता हाताला कळलं
की मी एका माणसाला वर ओढतेय
आणि तो येत नाहीये.

सरांना फोन लावला.
"सर, हे एकवचन मुद्दाम केलंय?"
बराच वेळ त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज.
"कुठल्या पानापासून?" त्यांनी विचारलं.
त्यांनाही माहीत नव्हतं.

पूर आला की आम्ही दुतोंड्या मारुतीकडे बघतो:
घोटा, गुडघा, कंबर.
पाणी कुठवर आलं हे पोरंटोरंही सांगतात.
निघालं कधी, हे वर गंगापूर धरणावर
रात्रपाळीला असलेल्या माणसाला विचारावं लागतं.

मी उलटी वाचत गेले.
एकशे चाळीस: सही करण्याआधी चष्मा पुसायची सवय सुटलेली.
सत्त्याण्णव: मुलीच्या लग्नाचा मांडव,
दोन दिवसांसाठी उचललेली रक्कम, तिसऱ्या दिवशी भरलेली,
पै न पै.
एकसष्ट: पतसंस्थेच्या पायरीवर कुणी म्हणतं, "देवमाणूस."
आणि ते नाही म्हणत नाहीत.
एवढंच. यात खोडण्यासारखं काय आहे?

माझी आई वडिलांना "ते" म्हणायची.
घराचे कागद सापडल्यावरही.
"ते बाहेर गेलेत," दाराशी आलेल्या वसुलीवाल्याला सांगायची,
आणि ते आत, पलंगावर.

परत पान बारा.
पूल, ऊन, खिशात चाळीस रुपये.
आणि मधे एक ओळ, पहिल्या वाचनात माझ्या नजरेतून सुटलेली:
नदीकडे बघत गोपाळराव क्षणभर थांबला.

थांबला.

जुळणाऱ्या पोराची चूक असेल. मात्रेची कळ
आमच्या संगणकावर अडते कधी कधी.
सर म्हणाले, "तुम्हीच ठरवा, सोमवारी छापायला जाऊ दे."

खाली कुणीतरी पातेल्याचा पोचा काढतंय,
ठक, ठक, मग थांबून, ठक.
चहा आला, त्यावर साय धरली.
पेन्सिलीचं टोक त्या कान्यावर टेकवून
मी बसलेय.