पीठ

गुरुवारी दोन ते पाच मी वाचनालयात बसते,
टोलेडोच्या उत्तर टोकाला, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी.
टेबल डुगडुगतं. पायाखालचा दुमडलेला पुठ्ठा माझा.
पाटीही माझ्याच हातची : कार्डाबद्दल विचारा.

इचलकरंजीच्या सहकारी बँकेत एकतीस वर्षं
ओल्या स्पंजावर बोट टेकवत
मी दुसऱ्यांचे पैसे मोजले.
इथं मोजायचं काहीच नाही.
इथं नुसतं सांगायचं : झाका.

लॉरेन पेटवे आल्या तेव्हा
बुटांवरचा बर्फ गालिच्यावर विरघळत होता.
पावती त्यांनी तळव्यानं इस्त्री करावी तशी सपाट केली.
शिल्लक एक्केचाळीस सेंट.
रात्री बाराला महिन्याचं धान्य कार्डावर जमा,
बारा वाजून चार मिनिटांनी साफ.
आठशे मैलांवरच्या कुठल्याशा दुकानात
बाळाच्या दुधाचे अकरा डबे.
"माझा धाकटा बावन्न वर्षांचा आहे," त्या म्हणाल्या,
आणि चक्क हसल्या.
मला नाही जमलं.

मग चार आकडे त्यांनी खणखणीत आवाजात सांगितले.
मी कानांवर हात ठेवले, खरोखरचे,
कागद भरणारा मुलगा बघत राहिला.
मला नका सांगू.
"तुला का नको? तू तर चांगली दिसतेस."
म्हणूनच.
फोनवरून ज्यांनी विचारलं असेल
तेही चांगलेच वाटले असतील ना?
"फोन कुणाचाच नव्हता," त्या म्हणाल्या,
"मी फक्त अंडी आणायला गेले होते."

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं,
हे इंग्रजीत कसं सांगू?
आणि सांगू तरी का.
ही बाई आंधळी नाही,
सुईत दोरा अजून स्वतः ओवते.
जात्याच्या तोंडालाच कुणी दुसरं तोंड लावलं
तर दळणारीनं बघायचं कुठं?

अंडी जिथून आणली तिथं आम्ही दोघी गेलो.
मुनीर कसूफ गल्ल्यावर, वैतागलेला.
मी म्हटलं, एकदा त्या यंत्राची कड धरून ओढ.
"वीस वर्षं दुकान चालवतोय मी, बाई."
ओढ तर.
आणि सापाची कात यावी तसं
काळं प्लास्टिक अखंड त्याच्या हातात आलं.
आतल्या अंगाला नखाएवढी हिरवी चकती,
एक वायर, केसासारखी.
तो कांद्याच्या खोक्यावर बसला.
"रोज पुसतो मी हे," म्हणाला, "फडक्यानं, रोज."
लॉरेननी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.
लुटल्या त्या गेल्या होत्या,
आणि धीर तो घेत होता.

पोलीस आले, फोटो काढले.
गेलेलं परत येईल का, याचं उत्तर
एका खिडकीवर नाही मिळालं, दुसरीवर
अर्ज मिळाला, सात पानी.
तो आम्ही भरला. दोनदा, कारण पहिल्यांदा
मी तारखेआधी महिना लिहायला विसरले.
त्या महिन्यात मुनीरनं वहीत त्यांचं नाव लिहिलं,
पुढं रक्कम लिहिली नाही.

आता त्यांचं कार्ड दिवसभर कुलपात असतं,
फोनमधल्या. रांगेत पुढं दोघं उरले
की त्या उघडतात, डाव्या हाताच्या आडोशानं आकडे दाबतात,
सामान पिशवीत पडलं की पुन्हा बंद.
त्याआधी यंत्राची कड ओढून बघतात,
मागचे लोक चुळबुळतात. चुळबुळू देत.
परवा मागच्या पोराला त्यांनीच शिकवलं :
"कान धरून ओढ याचा. लाजू नकोस."

नवे आकडे मला ठाऊक नाहीत.
जुने मात्र हात आडवे येण्याआधीच आत गेले होते;
एकतीस वर्षांची खोड,
कानावर पडलेली रक्कम सांडत नाही.
फार नंतर कळलं, तो नंबर
नवऱ्याच्या पहिल्या ट्रकचा होता.
ट्रक भंगारात गेला. नवराही गेला.
त्या आकड्यांनी आता कुठलंच दार उघडत नाही,
तरी मी ते कुणाला सांगितलेले नाहीत.