घोडीला आत्मा नसतो

सून केमिस्टकडून ऑलिव्ह तेलाची चिमुकली बाटली आणते,
नातवाचा कान ठणकतोय.
केझाया म्हणते, चमच्यात कोमट कर, मी बघत नाही.
आणि एसेक्सच्या चिखलखाडीकडे तोंड करून बसते,
ओहोटीत कलंडलेल्या होड्या मोजत.
ऐंशी वर्षांची बाई. वास मात्र नऊ वर्षांचा.

असंच तेल होतं. जानेवारीत थिजून पांढरं झालेलं,
बापाने बाटली काखेत धरून वितळवली.
तिघे वडीलधारे बुटांचा चिखल दाराशी खरवडून आत आले,
ईनसच्या कपाळावर तेलाचं बोट ओढलं,
आणि गुडघे टेकून इतक्या जोराने प्रार्थना केली
की कपाटातल्या बशा वाजल्या.
ईनस पाच वर्षांचा. घशात राखाडी साय धरलेली.
आपल्याकडे या दुखण्याला घटसर्प म्हणतात;
तिथे म्हणत होते, परीक्षा.

जाबेझ थरोगुड दुष्ट नव्हता. हे ती अजून सांगते,
कोणी विचारलं नाही तरी.
पाच रात्री त्याने पोराला छातीशी उभं धरलं,
आडवं केलं की श्वास अडायचा म्हणून.
सहाव्या पहाटे त्यानेच त्याला आडवं केलं.

आणि त्याआधी, नोव्हेंबरात,
ब्रॅम्बल घोडीचं पोट फुगलं तेव्हा
हाच बाप चार मैल धावत जाऊन पशुवैद्याला घेऊन आला.
टर्पेंटाइन, जवसाचं तेल, नळी, शिव्या,
रात्रभर कंदील धरून अंगणात फेऱ्या.
केझायाने विचारलं होतं, हिच्यासाठी प्रार्थना नाही करायची?
तो म्हणाला, घोडीला आत्मा नसतो, बाळ.
तिचं वर कोण ऐकणार?

मृत्यूची चौकशी गुत्त्याच्या माडीवर भरली.
बारा पंच, फटींतून वर येणारा बिअरचा वास,
चादरीखाली ईनस; टेबल त्याला फार लांब झालेलं.
तरुण डॉक्टर पर्किस म्हणाला, औषध होतं.
सुईने द्यायचं. माझ्या कपाटात होतं, दोन मैलांवर.
एका पंचाने उगाच विचारलं, कशापासून करतात ते?
घोड्याच्या रक्तापासून, डॉक्टर म्हणाला.
तेव्हा, फक्त तेव्हाच, बापाने मान वर केली.

चेल्म्सफर्डच्या तुरुंगात दोन महिने सक्तमजुरी.
सुटला त्या दिवशी मंडळी स्टेशनवर गात उभी,
जणू हुतात्माच गाडीतून उतरत होता.
तो गायला नाही. टोपी हातात फिरवत राहिला.

पुढच्या हिवाळ्यात केझायाचा घसा.
तेल आलं. वडीलधारे आले, गेले. आई भिंतीकडे बघत बसली.
बाप म्हणाला, घोडीला पाणी दाखवून येतो.

तिला आठवतात टापा, लांब लांब जाणाऱ्या,
मग खूप वेळ काहीच नाही,
मग कोणाची तरी थंड बोटं, मांडीत सुई.
डॉक्टरला कोणी बोलावलं, हे त्या घरात
कोणी कधी उच्चारलं नाही.
सकाळी ब्रॅम्बल घामाने भिजलेली होती, एवढंच,
आणि बाप मूठभर पेंढ्याने तिचं अंग पुसत होता,
तापातून उठलेल्या मुलीचं पुसावं तसं.

मंडळीने त्याचं नाव वहीतून खोडलं.
मरेपर्यंत दर रविवारी तो प्रार्थनाघराबाहेर
गाडीवर बसून राही,
आतलं ऐकू येईल इतक्या अंतरावर.

नातू किंचाळतो. सुनेचा हात हलतो, थेंब गालावर ओघळतो.
आण इकडे, केझाया म्हणते.
चमचा मनगटाला लावून बघते,
त्याचं डोकं मांडीवर घेते, त्याच मांडीवर.
एक. दोन. थांब, हलू नकोस.
आणि सकाळी डॉक्टरकडे न्या याला,
उतार पडला तरी न्या.