चुन्याची भूक

ऑस्ला तीन दिवस गप्प आहे.

शेटलंडच्या त्या टोकाच्या बेटावर,
जिथली माती कापून, वाळवून चुलीत जाळतात
आणि मातीखाली लगेच खडक लागतो,
जूनमध्ये रात्र होत नाही.
म्हणून दिसलं.

तिचीच मेंढी. डाव्या कानाला दोन खाचा.
गरीब म्हणजे किती गरीब, पोरं पाठीवर बसायची.
सुरय पक्ष्याच्या पिल्लापाशी गेली, हुंगलं,
आणि गवत खुडावं तसा
त्याचा पाय खुडला.

धावणं नाही, झडप नाही.
दाढा फिरल्या नेहमीसारख्या,
आवाज तेवढा गवताचा नव्हता.
वरून पिल्लाची आई किंचाळत
मेंढीच्या टाळक्यावर चोच मारत राहिली.
मेंढीनं कान हलवले,
माशी बसावी तसे.

पक्षी मोजायला आलेली मॉर्व्हन वहीत लिहिते:
पंख नाही, एक. पाय नाहीत, चार. डोकं नाही, दोन.
चहा पिताना विचारते,
"कोणाचं कुत्रं सुटलं होतं का?"
रास्मी कपात बघतो.
म्हणजे त्यालाही माहीत आहे.

ऑस्लाला भलतंच आठवतं.
थोरल्याच्या वेळचा पाचवा महिना,
वादळात आठवडाभर बोट नाही,
आणि ती गोठ्याच्या भिंतीला नख लावून
सफेदीचा पापुद्रा काढतेय,
जिभेवर ठेवतेय, डोळे मिटून.
सासू दारात उभी. काही म्हणाली नाही.
सकाळी उशाशी बशी होती,
तिच्यात कुटलेली अंड्याची टरफलं.
तीन मुलं झाली, चार दाढा गेल्या.
डोहाळे म्हणतात त्याला, हसून.

"कुत्रं नव्हतं," ऑस्ला म्हणते,
आणि उठून कप विसळायला जाते.

मंगळवारच्या बोटीनं खनिजाची वीट आली,
मेंढ्यांना चाटायला.
दोन खाचांची दोनदा चाटून बघते,
मग चालू लागते उत्तरेकडे.
पोटाखाली दोन कोकरं ढुशा देत,
शेपट्या थरथरवत,
तिच्या हाडांतलं उरलंसुरलं ओढत.
ऑस्ला काठी घेऊन आडवी जाते.
एकदा, दोनदा. दिवसभर कोण जाणार?

ते पिल्लू अजून तिथंच आहे, गवतात.
त्याला उभं राहता येत नाही
हे आईला कळलेलं नाही.
ती समुद्रावरून येते,
चोचीत सुईएवढा चमकता मासा,
आणि त्याच्यापासून चार पावलांवर उतरून
त्याला बोलावते.