काटाघर

वडकीच्या अलीकडे, जिनिंगच्या फाटकाशी
माझी आठ बाय दहाची केबिन.
लोक मला काटाबाबू म्हणतात,
कारण भरली गाडी आणि रिकामी गाडी
यांच्यामधली वजाबाकी मी करतो.
खिडकीतल्या सात डब्यांमुळे म्हणत असतील
तर तेही चालेल.

डबे साधेच. दोन डालड्याचे, एक ग्रीसचा, तीन चहापत्तीचे,
आणि पोरीचा कान तुटलेला मग,
त्यावर अजून अर्धा ससा.
दिवाळी झाली की ऊन दक्षिणेला कलतं,
खिडकीतून थेट पावतीबुकावर येऊन बसतं.
तेव्हा मी त्यांना पायरीवरून आत घेतो
आणि पाणी बंद.
संक्रांतीला एक चमचा. बस.

मेटाडोरवाले पावतीसाठी खिडकीत हात घालतात
आणि झटक्यात मागे घेतात.
"काहून बाबू, यायले पाणी नाही देत?
वावरात काटे कमी हायेत का, इथं पोसता!"
मी म्हणतो, झोपलेत.
झोपेतल्याला कोणी पाणी पाजतं का?
हे शहाणपण माझं नाही,
आधीच्या काटाबाबूचं, निखाड्यांचं.
जाताना चाव्यांसोबत एक रद्द पावती दिली त्यांनी,
मागे निळ्या शाईत :
थंडीत हात आवरावा.

जानेवारीत रुई उडते.
चहात, भुवयांत, देवाच्या फोटोवर,
पण सगळ्यात आधी यांच्या अंगावर.
गोल बुटका तर आठवड्यात म्हातारा होतो.
मी जुन्या टूथब्रशने, काट्याच्या कलाने,
एकेक धागा उतरवतो.
एकदा सातही डबे मोठ्या काट्यावर नेऊन ठेवले.
साठ टनाचा काटा. वीस किलोखालचं तो काही मानत नाही.
लाल आकडा हललाच नाही.
जागोबा, आमचा रात्रीचा वॉचमन, म्हणाला,
"मंग हे हायेतच नाही, बाबू."

त्यानंतरच्या सोमवारी साळीचं लग्न, उमरखेडला.
थंडी अशी की टिनावरून सकाळी पाणी टपकायचं.
जागोबाला सांगून गेलो :
रात्री काचेपासून दूर सरकव,
वरून बारदाना टाक,
दुसरं काही करू नको.
त्याने सरकवले. बारदाना टाकला.
आणि आपल्या शेकोटीवर कोमट केलेलं पाणी
चार रात्री, गिलास-गिलासभर,
प्रत्येकाला.

परत आलो तर सशाच्या कानांचा निवडुंग
बुडाशी पिवळा.
बोट लावलं, ते पिकल्या पपईत गेल्यासारखं आत गेलं.
जागोबा दारात, मफलर कानावरून,
माझ्याकडे न पाहता म्हणाला,
"मी इथं चा पेतो
अन् हे असेच बसलेले.
बरं नाही वाटलं जी."

मी काय बोलणार.
बाकी सहांची ओली माती काढून उन्हात पसरली,
त्यांना पेपरावर उघडं निजवलं.
ब्लेड तापवलं. सशाचा वरचा एक कान
अजून टणक होता, तेवढा कापून घेतला.
आतून हिरवागार.
कोऱ्या पावतीवर ठेवला, तारीख टाकली.
जखम आधी वाळली पाहिजे,
मगच रेतीत लावायचा.
दहा दिवस, कदाचित पंधरा.

आता तो रोज सकाळी, ड्यूटी सुटताना,
सायकलचं कुलूप काढायच्या आधी आत येतो,
हात पाठीमागे बांधून वाकतो.
"धरली का खपली?"
"धरते आहे."
"पाणी?"
"नाही."
बाहेर पहिली गाडी हॉर्न देते,
मी आकडा शून्यावर आणतो.
जागोबा गिलासातला उरलेला चहा
सवयीने पायरीशी ओतायला जातो,
थांबतो,
पिऊन टाकतो.